मँचेस्टरच्या ऑफरसोबत आलेलं ब्याण्णव पानी हँडबुक

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. नाशिकच्या कंपनीत सहा वर्षं झाली, आता मँचेस्टरच्या एका कंपनीची ऑफर आली आहे, व्हिसा स्किल्ड वर्करचा. ऑफरबरोबर चौदा पानांचा करार आणि ब्याण्णव पानांचं हँडबुक आलं. रुजू व्हायच्या आधीच एचआरच्या बाईंचे तीन कॉल होऊन गेले. आणि तिकडच्या मित्राने तुला घाबरवून ठेवलंय की इंग्लंडच्या ऑफिसात एचआरचं राज्य आहे, हसायचं तेसुद्धा विचारून. हे कितपत खरं, आणि आपण कसं वागायचं?

मी २००९ पासून लीड्समध्ये आहे. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, आतापर्यंत तीन कंपन्या झाल्या. एचआरमध्ये मी कधीच नव्हते, त्यामुळे टेबलाच्या अलीकडून जे दिसलं तेवढंच सांगते. ताई म्हणालास, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी माझीच फजिती. दुसरं वर्ष असेल. टीममधली एक मुलगी सुट्टीवरून परत आली, अंगाने जरा भरलेली दिसत होती. ऑफिसच्या किचनमध्ये चहा करता करता मी आपल्या सवयीने विचारलं, काय, गोड बातमी का? ती हसली. मला वाटलं, विषय संपला. चार दिवसांनी कॅलेंडरमध्ये अर्ध्या तासाचं आमंत्रण आलं, नाव ‘क्विक इनफॉर्मल चॅट’. समोर एचआरची बाई, बिस्किटांची बशी, अतिशय गोड आवाज. रागावली नाही, उलट मला बरं वाटावं म्हणून धडपडत होती. संध्याकाळी तिची मेल आली, ‘आज आपण बोललो त्याप्रमाणे’ अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. तेव्हा कळलं की त्या इनफॉर्मल गप्पा माझ्या फाइलला लागल्या.

ती मुलगी गरोदर नव्हती. औषधांनी वजन वाढलं होतं, हे पुढे वर्षभराने तिनेच मला सांगितलं. मी तेव्हा भयंकर चिडले होते. अगं, तोंडावर सांगायचं ना, की मला नाही आवडलं! आज तितकी खात्री वाटत नाही. तोंडावर सांगितलं असतं तर मी बहुतेक ‘एवढं काय त्यात’ म्हणून उडवून लावलं असतं. पण दोन माणसांचं पाच मिनिटांचं बोलणं तिसऱ्याच्या हातात जाऊन कागद होतं, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. तुझा मित्र ज्याला राज्य म्हणतो ते हेच. हसायला कुणी मनाई करत नाही. भांडण, रुसवा, चेष्टा, आजारपण, सगळ्याचा शेवटी कागद होतो, एवढंच.

आपल्याकडे एचआर म्हणजे ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडवरून घासाघीस, रिलीव्हिंग लेटरसाठी मारलेल्या चकरा आणि दिवाळीची रांगोळी स्पर्धा. खरा धनी मॅनेजर. इथे मॅनेजरच काही बोलायच्या आधी एचआरला विचारून येतो. माझ्या पहिल्या कंपनीतले साठीचे लोक सांगायचे की त्यांच्या तरुणपणी असं नव्हतं, फोरमन बोलेल ती पूर्व.

हे बदललं ते कायद्याने. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये वय, वंश, धर्म, गरोदरपण, अपंगत्व अशी नऊ वैशिष्ट्यं संरक्षित आहेत. त्यावरून भेदभाव सिद्ध झाला तर भरपाईला वरची मर्यादा नाही. कर्मचाऱ्याने केलेल्या छळाची जबाबदारी कंपनीवर येते; सुटायचं असेल तर ‘आम्ही शक्य ते सगळं केलं होतं’ हे दाखवावं लागतं. दरवर्षी तुझ्या गळ्यात जी ऑनलाइन ट्रेनिंग पडतील, ती म्हणजे हे दाखवण्याची तयारी. तुझ्या ज्ञानासाठी आहेत अशी समजूत करून घेऊ नकोस. पुढे २०१७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलची, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांच्या कोर्टाची, फी रद्द केली, म्हणजे दावा लावायला पैसे लागेनात. ऑक्टोबर २०२४ पासून तर लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावलं उचलण्याचं बंधन मालकावर आलं. दर नव्या कायद्याबरोबर या खात्यात दोन माणसं वाढतात, आणि वाढलेल्या माणसांना काम लागतंच. मग येतात सर्व्हे, ‘व्हॅल्यूज’ची पोस्टर्स, बुधवारचं माइंडफुलनेस. पोस्टर्स मी वाचत नाही. तूही नको वाचूस.

एक गंमत सांगते. माझे बाबा चिंचवडच्या कारखान्यात होते, तिथे वेल्फेअर ऑफिसर असायचे. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे ते ठेवावेच लागत. कँटीनचा चहा पातळ झाला की त्यांच्याकडे जायचं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यालाही त्यांच्याकडेच. मला ती खास आपली पद्धत वाटायची. मग इथे आल्यावर कळलं की हे झाड इथलंच. लीड्सहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत यॉर्क येतं. तिथे राउनट्रींचा चॉकलेटचा कारखाना, किटकॅट तिथलंच. त्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कामगार मुलींची काळजी घ्यायला एक बाई नेमली होती. १९१३ मध्ये अशा ठिकठिकाणच्या वेल्फेअरवाल्यांची यॉर्कमध्ये सभा भरली आणि त्यांची संघटना निघाली. आज एचआरवाल्यांच्या सह्यांखाली ‘सीआयपीडी’ अशी अक्षरं दिसतात, ती त्याच संघटनेची. वेल्फेअरचं पर्सोनेल झालं, पर्सोनेलचं एचआर, आणि आता तुझ्या ऑफरवर ‘पीपल टीम’ असं लिहिलेलं असेल. बाबांच्या ऑफिसरचा पगार कंपनीच द्यायची आणि इथल्या एचआरच्या बाईचाही कंपनीच देते, हे मात्र बदललं नाही.

आता तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुझ्या इंग्रज सहकाऱ्यांना ठाऊकही नसेल. तुझी कंपनी तुझी स्पॉन्सर आहे, म्हणजे तुझा व्हिसा तिच्या नोकरीवर टिकून आहे, आणि होम ऑफिसच्या (इथल्या गृह खात्याच्या) स्पॉन्सरशिपच्या सिस्टिमचं लॉगिन बहुधा एचआरच्याच कुणाकडे असतं. तुझी नोकरी संपली, पगार कमी झाला, कामाचं नेहमीचं ठिकाण बदललं, किंवा परवानगीशिवाय सलग दहा कामाच्या दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलास, तर ते दहा कामाच्या दिवसांत वर कळवणं कंपनीला भाग असतं. नोकरी गेली तर साधारण साठ दिवस मिळतात, त्यात नवा स्पॉन्सर शोधायचा. आणि नव्या कंपनीसाठी नवा अर्ज. तो मंजूर झाल्याशिवाय तिथे काम सुरू करता येत नाही. म्हणून गणपतीला घरी जाताना मॅनेजर चॅटवर ‘नो वरीज मेट’ म्हणाला, यावर विसंबून विमानात बसू नकोस. रजा सिस्टिममध्ये मंजूर दिसली पाहिजे. परतीचं विमान रद्द झालं तर विमानतळावरूनच मेल टाक.

करारात एक कलम बारकाईने बघ: लवकर सोडलंस तर कोणता खर्च परत घेणार? व्हिसाची फी, विमानाचं भाडं हे मागू शकतात. पण स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज हे कंपनीनेच सोसायचे असतात, तुझ्यावर ढकलता येत नाहीत. तसं लिहिलेलं दिसलं तर रुजू व्हायच्या आधी, सभ्य शब्दांत, लेखी विचार.

हँडबुकची ब्याण्णव पानं वाचू नकोस. आजारपण, प्रोबेशन, डिसिप्लिनरी (शिस्तभंगाची कारवाई) आणि ग्रीव्हन्स (आपली तक्रार), ही चार प्रकरणं दोनदा वाच.

आजारपणाचं का, ते सांगते. इथे पहिले सात दिवस डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आपणच फॉर्म भरायचा. ऐकायला छान. पण बऱ्याच कंपन्या ‘ब्रॅडफर्ड फॅक्टर’ नावाचं गणित लावतात: वर्षात किती वेळा रजा घेतली त्या आकड्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. पाय मोडून एकदाच दहा दिवस घरी बसलास तर गुण दहा. आणि आज डोकं दुखतंय, उद्या पोट बिघडलंय असं करत दहा वेळा एकेक दिवस घेतलास तर गुण एक हजार. दिवस तेवढेच! कंपनीने ठरवलेला आकडा ओलांडला की मीटिंगला बोलावणं. आपली सवय नेमकी उलटी, ताप असला तरी दुसऱ्या दिवशी धापा टाकत हजर. इथे नीट बरा होऊनच जा.

प्रोबेशनबद्दल. अन्यायाने काढलं म्हणून दावा लावायला आतापर्यंत दोन वर्षांची नोकरी लागायची. २०२५ च्या नव्या कायद्याने ती अट १ जानेवारी २०२७ पासून सहा महिन्यांवर येते आहे. भेदभावाचा दावा मात्र पहिल्या दिवसापासून लावता येतो. माझा अंदाज असा की यापुढे कंपन्या पहिले सहा महिने फार बारीक लक्ष ठेवतील, तेव्हा दर महिन्याला मॅनेजरकडून ‘काम ठीक चाललंय’ एवढं तरी मेलवर घेत जा.

ग्रीव्हन्स आणि डिसिप्लिनरीबाबत एक प्रसंग सांगते, तो माझ्या डोळ्यांसमोर घडला. दुसऱ्या कंपनीत मिरजेचा एक मुलगा होता, कामाला वाघ. दोन डेडलाइन चुकल्या म्हणून मीटिंगला बोलावलं. मॅनेजर बोलत होता आणि हा आपला मान हलवत ‘येस, येस’ करत होता. आपण नाही का फोनवर ‘हो, हो’ करतो, म्हणजे ऐकतोय, पुढे बोला. एचआरने टिपणात लिहिलं: आपल्यामुळे डेडलाइन चुकल्या हे त्यांनी मान्य केलं. टिपण वाचून दुरुस्ती कळवा म्हणून मेल आली, याने न वाचता ‘ऑल गुड’ उत्तर दिलं. दीड महिन्याने सुधारणेची योजना हातात पडली, तिच्या पहिल्याच ओळीत त्याची ती ‘कबुली’. खरं तर चूक दुसऱ्याच टीमची होती आणि तसे पुरावे याच्याकडे होते. पण कागदावर याचं ‘येस’ होतं.

तेव्हा: औपचारिक सुनावणीला एकटा जाऊ नकोस. सहकारी किंवा युनियनचा माणूस बरोबर नेण्याचा हक्क १९९९ च्या कायद्याने दिला आहे. आपल्याला युनियन म्हटलं की कारखान्याचं गेट आणि लाल झेंडा आठवतो, पण इथे प्रॉस्पेक्ट, युनाइट अशा युनियनमध्ये कॉम्प्युटरवालेही असतात. लग्न लागल्यावर मुंज करता येत नाही, तसं भानगड झाल्यावर सभासद होऊन सहसा उपयोग नसतो, आधीच हो. टिपण वाच, चूक असेल तर त्याच दिवशी लिहून कळव. ‘एकॅस’ (Acas) नावाची, नोकरीतले तंटे मिटवणारी सरकारी संस्था आहे, तिची हेल्पलाइन फुकट; ट्रायब्युनलला जायच्या आधी तिच्याकडे जावंच लागतं. आणि कंपनीने तुझ्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय ते मागण्याचा तुला हक्क आहे, साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. मी एकदा मागवलं होतं. त्यात ती चहाच्या वेळची गोड बातमी होतीच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. २०१४ मध्ये बाबा आयसीयूत होते. रिलीज तोंडावर, मॅनेजर म्हणाला पुढच्या आठवड्यात जा. मी एचआरकडे गेले. त्याच बिस्किटवाल्या बाईसारखी दुसरी एक. तिने पॉलिसीचं पान उघडलं, मॅनेजरला फोन लावला, दुसऱ्या दिवशी मी मुंबईच्या विमानात. बाबांची भेट झाली. मॅनेजर माझा मित्र होता, ती बाई नव्हती. तरी पोचवलं तिनेच, कारण तसं लिहिलेलं होतं.

तू एक प्रश्न अर्धवट विचारून सोडला होतास, की तिथे आपली माणसं भेटली आणि आडनावावरून चौकशा सुरू झाल्या तर? होतात. ऑफिसातही होतात. इक्वॅलिटी ॲक्टच्या त्या नऊ वैशिष्ट्यांत ‘जात’ हा शब्द नाही. तो घालावा असं पार्लमेंटने २०१३ मध्ये ठरवलं आणि २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. पण २०१४ मध्ये अपील ट्रायब्युनलने म्हटलंय की जात वांशिक मूळ या सदरात बसू शकते. म्हणजे दार बंद नाही. मात्र समोरच्या इंग्रज बाईला आडनावाची चौकशी हा काय प्रकार आहे, हे पहिल्यापासून समजवावं लागेल. लेखी, उदाहरणांसह, तारखा घालून समजव.

आणि शेवटचा तुझा तो मजेशीर प्रश्न: पीपल टीमने स्वागताच्या मेलसाठी स्वतःबद्दल एक ‘फन फॅक्ट’ मागितला आहे, काय लिहू? धर्म, राजकारण, लग्न, पगार सोडून काहीही. खोटं लिहू नकोस, कारण ते लोक तेच धरून बसतात. मी २००९ मध्ये लिहिलं होतं की मी एका बैठकीत अकरा उकडीचे मोदक खाल्ले आहेत. तीन कंपन्या झाल्या, पण त्या पहिल्या कंपनीतला एक म्हातारा अजून ख्रिसमसला मेसेज पाठवतो आणि विचारतो, आकडा वाढला का?