नाईटनंतरची अर्धशिशी आणि वॉर्डातली गोळी

प्रश्न : वय 34, खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. महिन्याला आठ नाईट. पहाटे चारच्या सुमारास डाव्या कानशिलात ठणका सुरू होतो, मळमळतं, ट्यूबलाइटकडे बघवत नाही. वॉर्डातली पॅरासिटॅमॉल-आयबुप्रोफेनची गोळी घेऊन हँडओव्हर उरकते. हल्ली महिन्यातले पंधरा दिवस गोळी लागते, तरी डोकं राहत नाही. काय करू?
— एक सिस्टर, म्हापसा

उत्तर : पत्रातला सगळ्यात खटकणारा आकडा पंधरा. मिश्र गोळ्या (तुमची तशीच) किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा अटॅक थांबवणारी औषधं) महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, नुसतं पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी पोसू लागते. मोजायचे ते दिवस. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्या तरी तो एकच. रोस्टरच्या कागदावरच खूण करत जा.

सवय तोडताना पहिले दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त उठतं, झोपही उडते. म्हणून नाईट चालू असताना हे सुरू करू नका. इन्चार्जशी बोलून दिवसपाळीचा आठवडा किंवा रजा घ्या आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवून त्याच वेळी प्रतिबंधक (अटॅक येऊच नये म्हणून रोज घ्यायचं) औषध सुरू करा. त्यातलं प्रोप्रानोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमपासून सुरू होतं, चिठ्ठीवर ‘रात्री’ लिहिलेलं असतं. नाईट असेल तेव्हा ते सकाळी घरी पोचल्यावर, झोपण्याआधी घ्यायचं का, हे विचारून घ्या. ड्यूटीआधी घेतलंत तर इंजेक्शन भरतानाच पेंगाल. गुण येतो की नाही हे आठ ते बारा आठवड्यांनी ठरवायचं, आठवड्याभरात नाही.

अटॅकच्या वेळी नर्सेसची नेहमीची खोड म्हणजे राउंड संपेपर्यंत थांबणं. अर्धशिशीत पोट मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध, उदाहरणार्थ नॅप्रोक्सेन 500 मिलिग्रॅम, ठणका वाढायच्या आत, पोटात काही असताना घ्या. मळमळ जास्त असेल तर सोबत उलटीची गोळी. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर नॅप्रोक्सेन नको.

दोन-अडीचला खाणं चुकवू नका. थर्मासमधली पेज आणि तोंडी लावायला लोणचं पुरतं. कॉफी त्यानंतर नको. तिचा अंमल सकाळच्या झोपेवर पडतो. सकाळी स्कूटरवरून परतताना काळा गॉगल हवाच, आणि हेल्मेट कानशिलं आवळणारं नको.

प्रश्न : वय 28, लॅब टेक्निशियन. डोकं दुखण्याआधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसतो. कुटुंबनियोजनाची गोळी चालू आहे. चालेल?
— मडगाव

उत्तर : इस्ट्रोजेन असलेली असेल तर नाही. हा ऑरा, म्हणजे अर्धशिशीच्या आधी येणारी लक्षणं आहेत, आणि अशा स्त्रियांत त्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आधी पर्याय ठरवा (तांबी किंवा फक्त प्रोजेस्टिनची गोळी), मग ही बंद करा. तासाभरानंतरही उजेड गेला नाही, बोलणं अडखळलं किंवा हात लुळा पडला, तर पडून राहून वाट बघू नका. लगेच 108 ला फोन करा.