डिटोनेशनला 'स्फोट' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : "टर्बाइन इंजिनांवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद तपासते आहे. अनुवादकाने 'रोटेटिंग डिटोनेशन इंजिन'चं 'फिरते स्फोट इंजिन' केलं, संपादकांनी 'स्फोट' खोडून 'विस्फोट' लिहिलं. मला दोन्ही खटकतात. तिसरा शब्द आहे का?"

'विस्फोट'चा निकाल आधी लावू, तो सोपा आहे. हिंदीत साधा स्फोटही विस्फोटच असतो. मराठीत लोकसंख्येचा विस्फोट होतो, सिलिंडरचा मात्र स्फोट. सदाशिव पेठेत कुणी 'सिलिंडरचा विस्फोट झाला' म्हणत धावत आलं तर आधी त्याचं मराठी सुधारलं जाईल, मग अग्निशमन दलाला फोन.

'स्फोट'ची अडचण निराळी आहे. तो 'स्फुट्'मधून आला. फुटणं, फोड, फुटाणे हे सगळे त्याच घरातले. म्हणजे काहीतरी अखंड होतं आणि फुटलं, एवढंच तो सांगतो. बॉयलर फुटला तरी स्फोटच, तिथे नुसती वाफ असली तरी. डिटोनेशन हा शब्द मात्र जळण्याची तऱ्हा सांगतो. हवेत मिसळलेली पेट्रोलची वाफ शांतपणे पेटली तर ज्योत सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा सरकत नाही. एक थर तापतो, तो शेजारच्याला पेटवतो. डिटोनेशनमध्ये ज्योतीच्या पुढे आघात-लहर (शॉक वेव्ह, म्हणजे ध्वनीहून वेगाने धावणारा दाबाचा धक्का) धावते. ती मिश्रण इतकं दाबते की ते आपोआप पेटतं, आणि त्या पेटण्याच्या जोरावर लहर पुढे जात राहते. हायड्रोजन आणि हवेच्या मिश्रणात तिचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या घरात जातो.

मग आपल्याकडे जुना शब्द का नाही? मला वाटतं, आपला या विषयातला शब्दसंग्रह काळ्या दारूच्या काळातला आहे म्हणून. बार, भडका, सुरुंग, दारूगोळा, शोभेची दारू. काळी दारू कितीही दणाणली तरी ती झपाट्याने जळते, डिटोनेट होत नाही. कोंडलेला वायू वेष्टण फाडतो, त्याचा तो आवाज. डायनामाइटचं पेटंट १८६७चं, आणि वायूंमधली ही लहर फ्रेंच शास्त्रज्ञांनी ओळखली १८८१मध्ये. तोवर आपला 'बार' घडून बसला होता. खडकीचा दारूगोळा कारखाना नावातही 'दारू' घेऊन आहे. 'बार' मला फार आवडतो, पण इथे चालणार नाही. शिवाय प्रयोग फसला की 'फुसका बार' हा मथळा ठरलेलाच.

(युरोपातही शब्द कानानेच घडवले. डिटोनेशनच्या मुळाशी लॅटिनमधलं गडगडणं आहे, आपल्या संस्कृत 'स्तनित'चं नातलग. एक्स्प्लोजनची गंमत आणखी मोठी : नटाला टाळ्या पिटून रंगमंचावरून हाकलणं!)

मी 'प्रस्फोट' सुचवेन. 'प्र'मध्ये पुढे जाणं आहे : प्रवाह, प्रसार, प्रगती. लहर पुढे धावते, म्हणून तो शोभतो. 'प्रस्फुटन' मात्र करू नका, तिथे कळी उमलायला लागते. संथ प्रकाराला 'ज्वलन' पुरे.

हा फरक इंजिनाच्या लेखात सांभाळावाच लागेल, कारण लेखाचा सगळा जीव त्यात आहे. नेहमीच्या टर्बाइनमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबून देतो आणि पुढे ज्वलनात दाब वाढत नाही, थोडा घटतोच. प्रस्फोटात जळता जळता दाब वाढतो. म्हणजे तेवढ्याच इंधनात जास्त काम मिळण्याची आशा. अडचणही त्याच शब्दात दडलेली आहे. टर्बाइनच्या पात्यांना संथ, एकसारखा प्रवाह लागतो आणि इथे धक्क्यामागून धक्के येतात. ते उलटे कॉम्प्रेसरकडेही जायला बघतात. त्यांना अडवायला इंधन-हवेच्या वाटा अरुंद कराव्यात, तर तिथेच दाब खर्च होतो आणि कमावलेलं हातचं जातं. भिंती तापतात ते वेगळंच. २००८मध्ये अमेरिकेत एक छोटं विमान स्पंदी (एकामागून एक सुटे प्रस्फोट घडवणाऱ्या) प्रस्फोट-इंजिनावर काही सेकंद उडालं, २०२१मध्ये जपानने अशी इंजिनं अग्निबाणातून अवकाशात चालवली. पण टर्बाइन दोन्हींत नव्हतं. अनुवादात 'क्रांती' वगैरे शब्द आले असतील तर जरा हात आखडता घ्या.

आता 'फिरते'. फिरतं काय? इंजिन नाही. भुईचक्र स्वतः गरगरतं. इथे जळण होतं ते कड्याच्या आकाराचं दालन जागेवर असतं आणि त्याच्या आत लहर गोल धावते, १५ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात सेकंदाला तीन हजारांवर फेऱ्या. 'फिरते प्रस्फोट इंजिन' म्हटलं की विशेषण इंजिनाला चिकटतं. मराठीत विभक्ती आहे, ती वापरा : 'फिरत्या प्रस्फोटाचं इंजिन'. लांबलं खरं, पण चुकलं नाही.

एक इशारा. पेट्रोल इंजिनांच्या जुन्या पुस्तकांत 'डिटोनेशन' म्हणजे नॉकिंग, इंजिनातली ठकठक. गॅरेजवाला 'इंजिन नॉक करतंय' म्हणतो तेच. ते बहुतेक वेळा खरा प्रस्फोट नसतं, तेव्हा तिथे 'नॉकिंग'च ठेवा. आणि 'दबाव' दिसला की तो खोडून 'दाब' करा. दबाव नेते आणतात.