वाचकांचे प्रश्न : परदेशातून डॉक्टर होऊन आल्यावर

प्रश्न : मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. जॉर्जियात सहा वर्षं वैद्यकीय शिक्षण घेऊन परत आले. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथं काम करण्याआधी द्यावी लागते ती एफएमजीई परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. तिथं मला चांगले मार्क पडायचे. ऑनलाइन क्लासचे सगळे व्हिडिओ बघून झाले, नोट्सची चळत लागली आहे. आता वाटतं, आपण शिकलो ते काही कामाचंच नव्हतं की काय. मॅडम, नेमकं काय बदलू?

उत्तर : बाळ, तू शिकलेलं वाया गेलेलं नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंड तिबिलिसीत आणि बेळगावात एकच. बदलतं ते एवढंच की आजारी कोण पडतं, कशानं पडतं, आणि त्यासाठी इथल्या सरकारनं काय ठरवून ठेवलंय. मीही बाहेरून शिकून आले, हीच परीक्षा पास झाले आणि आता खानापूरच्या बाजूला दवाखाना चालवते. संध्याकाळची ओपीडी उरकली की मागच्या खोलीत तुझ्यासारखी मुलंमुली अभ्यासाला बसतात. त्यांच्याबरोबर बसून जे ध्यानात आलं ते तुला सांगते.

आधी पेपरकडे बघ. 300 प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येक भागाला 150 मिनिटं. पास व्हायला 150 मार्क. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी वगैरे धरून पहिल्या सात विषयांना मिळून 100 मार्क, आणि उरलेले 200 क्लिनिकलला. त्यात मेडिसिन 33, सर्जरी 32, स्त्रीरोग-प्रसूती 30. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण कम्युनिटी मेडिसिनलाही, म्हणजे सार्वजनिक आरोग्यालाही, 30 आहेत, हे ऐकून मुलं माझ्या तोंडाकडे बघतात. त्यात डोळ्यांचे 15, कान-नाक-घशाचे 15 आणि फॉरेन्सिकचे, म्हणजे कायद्याशी जोडलेल्या न्यायवैद्यकाचे, 10 मिळव. सत्तर झाले. पास व्हायला लागतात त्याच्या जवळजवळ निम्मे, आणि तेही अशा विषयांत, जे बहुतेक जण शेवटच्या पंधरवड्यात कसेबसे उरकतात. थोडक्यात हुकलेल्या मुलीचे मार्क बहुधा इथंच सांडलेले असतात. गेल्या काही सराव परीक्षांचे विषयवार मार्क एका कागदावर मांड आणि बघ, तुझंही तसंच आहे का.

कम्युनिटी मेडिसिन आणि फॉरेन्सिक हे दोन विषय तू तिथं शिकलीस ते तिथल्या देशाचे. इथल्या आशा कार्यकर्त्या, उपकेंद्र, बाळांच्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्र) लसीचे 6, 10 आणि 14 आठवड्यांचे डोस, सपाटीवर 30,000 आणि डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे तुला तिथं कोण शिकवणार होतं? पण याचा अभ्यास घरातल्या घरात होतो. गावातल्या गरोदर बाईचं तायी कार्ड (सरकारकडून मिळणारं तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड) मागून घे, तिच्या शेजारी बसून एकेक रकाना वाच. लसीकरणाच्या दिवशी केंद्रावर जाऊन नर्सताईंना विचार, कुठली लस कुठं टोचतात, कुठली कातडीत, कुठली स्नायूत. तासाभरात जे डोक्यात बसेल ते चार व्हिडिओ बघून बसणार नाही.

आणखी एक. थोरल्या मुलांकडून हातोहात आलेल्या नोट्स तपासून घे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणामुळं झालेल्या मृत्यूचं जुनं कलम 304 अ आता नव्या संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. क्षयरोगाच्या कार्यक्रमाचं नावही 2020 मध्ये बदललं. औषधं आता रोज द्यायची, दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. आठवड्यातून तीनदा असं लिहिलेलं पान दिसलं की ते फाडून टाक.

अभ्यास कसा करायचा ते एका पेशंटवरून सांगते. पावसाळ्याच्या शेवटाला जांबोटीकडून एका बाईला घेऊन आले. भात कापताना पायाला काहीतरी चावलं, साप कुणी पाहिला नाही. पाय सुजला होता, आणि जखमेतून येणारं रक्त थांबत नव्हतं. अशा वेळी काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग हळूच कलंडवायची. गोठलं नसेल तर बहुधा घोणस किंवा फुरसं, विष रक्तावर काम करतंय. मण्याराचं वेगळं. त्याची सूज नसते, माणूस रात्री झोपलेला असताना चावतो, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या खाली पडायला लागतात. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. पश्चिम घाटात आढळणाऱ्या, नाकावर उंचवटा असलेल्या चापड्याच्या (हम्प-नोज्ड पिट व्हायपर) विषावर ती चालत नाही, हे आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरला माहीत असायलाच हवं. लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला डोस सारखाच, कारण सापानं सोडलेलं विष माणूस बघून कमी होत नाही.

आता मोज. रक्त कसं गोठतं ही फिजिऑलॉजी. नागाच्या विषानं स्नायूंकडे जाणारा निरोप अडतो आणि निओस्टिग्मीन, अॅट्रोपीन द्यावं लागतं, ही फार्माकॉलॉजी. विषाचे प्रकार फॉरेन्सिकमध्ये, उपचार मेडिसिनमध्ये, आणि शेतात बूट-बॅटरी वापरा हे सांगणं कम्युनिटी मेडिसिनमध्ये. एका बाईच्या पायावरून पाच विषय झाले. तसंच गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचं. 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो सापडला, पुढं गोवा आणि सिंधुदुर्गापर्यंत पोचला. काजूच्या हंगामाला तिकडं जाणारी माणसं आपल्या भागात आहेत. जंगलातून आलेल्या माणसाला एकदम ताप आणि जोराची डोकेदुखी, त्या रानात माकडं मेलेली, म्हणजे गोचिडीचं नाव आणि विषाणूचा गट तुझ्या ओठावर हवा.

व्हिडिओ आता बंद कर. बघताना सगळं कळतंय असं वाटतं, कारण उत्तर देणारा दुसराच असतो. सकाळी प्रश्न सोडव, घड्याळ लावून, मिनिटाला एक. दुपारी त्यातले चुकलेले आणि अंदाजानं बरोबर आलेले, दोन्ही वहीत उतर, पण उत्तर लिहू नकोस, का चुकलं ते लिही. आठवड्यानं तीच वही पुन्हा. पुस्तक बदलायचं नाही, क्लास बदलायचा नाही. एफएमजीईच्या जागी नेक्स्ट ही नवी परीक्षा येणार, तिची पद्धत वेगळी असणार, अशा बातम्या मोबाइलवर येत राहतील. 2019 च्या कायद्यात ती आहे, पण आज तुझ्यासमोर एफएमजीई आहे. त्याच परीक्षेचा अभ्यास कर.

प्रश्न : मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस आहे. थोरली मुलगी किर्गिझस्तानात शिकून आली. परीक्षा एकदा गेली, तेव्हापासून खोलीतून बाहेर येत नाही. कर्ज चालू आहे. ओळखीचे एक हॉस्पिटलवाले म्हणतात, परीक्षा होईपर्यंत रात्रपाळीला बसू दे, महिन्याला पगार देतो. अनुभवही मिळेल. पाठवू का? की दिल्लीला क्लासला पाठवू?

उत्तर : भाऊ, रात्रपाळीला पाठवू नका. हे मी हात जोडून सांगते. नोंदणी नसताना पेशंट तपासणं, औषध लिहिणं हा राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याच्या कलम 34 खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री दोनला पेशंट दगावला तर पोलीस कागदावर सही कुणाची आहे ते बघतील, आणि सही तुमच्या लेकीची असेल. पगार देणाऱ्यांना स्वस्तात माणूस मिळतं. सहा वर्षं घालून मिळवलेलं नाव ते एका रात्रीत घालवतील. तिला वॉर्ड बघायचाच असेल तर एखाद्या जाणत्या डॉक्टरांच्या राउंडला मागं उभं राहून ऐकू द्या, पेशंटला हात न लावता, कागदावर सही न करता.

दिल्लीचं म्हणाल, तर क्लासची फी, खोलीचं भाडं, जेवण, यात कर्ज वाढेल. मुलगी आधीच कोमेजली आहे, अनोळखी गावात एकट्या खोलीत तिला ठेवायची ही वेळ नव्हे. ऑनलाइन साहित्य घरी बसून मिळतं. तिला सोबत हवी, अभ्यास करणारी. चिकोडी, संकेश्वर, कोल्हापूर या टापूत परदेशातून आलेली मुलं आहेत. दोघी-तिघींचा गट जमला तर तुमच्या माडीवर बसू द्या. वहिनींना सांगा, चहा तेवढा वर जाऊ दे, प्रश्न जाऊ देऊ नका.

आणि ती एकटीच नापास झालेली नाही, हे तिच्या कानावर घाला. जून 2024 च्या परीक्षेत पास झालेले साधारण 21 टक्के होते, डिसेंबरच्या परीक्षेत 29 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचांतले तीन-चार जण नापास होतात. परीक्षा वर्षातून दोनदा असते. लग्नाकार्यात पाहुणे विचारतील, "डॉक्टरीणबाई झाली काय पास?" तेव्हा उत्तर तुम्ही द्या, तिला पुढं करू नका. एक मात्र बघा. ती जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलली असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, त्याच आठवड्यात.

प्रश्न : पास झालो! मी बेळगावात वडगावला राहतो. पुढं काय? इंटर्नशिप इकडं करू की महाराष्ट्रात? मला कन्नड बोलायला येतं, पण तोडकंमोडकं.

उत्तर : अभिनंदन रे. आधी फाइल जमव. नीटची गुणपत्रिका, अपोस्टिल केलेली (खरी असल्याचा तिथला सरकारी शिक्का असलेली) पदवी, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, तिथल्या इंटर्नशिपचा दाखला, पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के. यातलं एक कमी असलं तरी फेऱ्या वाढतात. 18 नोव्हेंबर 2021 नंतर शिकायला गेला असशील तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे त्या दिवशीचे नियम तुला लागू आहेत : किमान 54 महिन्यांचं शिक्षण, तिथंच 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि इथली 12 महिन्यांची वेगळी. ज्या राज्यात इंटर्नशिप करायची, त्या राज्याच्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यायची. कर्नाटकात करायची तर बेंगळुरूची कर्नाटक मेडिकल कौन्सिल. इंटर्नशिपसाठी कॉलेजनं फी घ्यायची नाही आणि स्टायपेंड इथल्या मुलांइतकाच द्यायचा, असं आयोगाचं मार्च 2022 चं परिपत्रक आहे. त्याची प्रत फाइलमध्ये ठेव.

राज्याचं विचारशील तर पुढं दवाखाना जिथं घालणार तिथंच कर. वडगावात राहणार असशील तर सिव्हिलसारख्या ठिकाणी सौंदत्ती, गोकाक, बैलहोंगलचे पेशंट येतील. त्यांना मराठी येत नाही, आणि दुभाषा म्हणून नातेवाइकाला मधे घेतलं की बाई पांढऱ्या पाण्याचं, पाळीचं बोलत नाही. तुझं कन्नड तोडकं असलं तरी चालेल, पण प्रश्न तूच विचार. "यल्ली नोयतैती?" (कुठं दुखतंय?), "एष्ट दिन आतु?" (किती दिवस झाले?) यापासून सुरुवात कर, आणि रोज वॉर्डातल्या सिस्टरकडून पाच नवे प्रश्न लिहून घे. पहिली पोस्टिंग स्त्रीरोगला मागून घे. तिथं रात्री बोलायला सवड असते, आणि नवव्या महिन्यातल्या बाया तुझी चूक दुरुस्त करून सांगतात.