यजमानांची टी-सेल टेस्ट करावी का?

ताई, तुमचा प्रश्न असा की यजमानांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट (नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) चालू आहे, कोविड होऊन दोन महिने उलटले तरी अँटिबॉडी निगेटिव्ह, आणि कुणीतरी सुचवलंय की मग टी-सेल, म्हणजे विषाणू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, तपासून घ्या. रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मी सहा वर्षं याच टेस्टच्या प्लेट लावल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

अँटिबॉडी निगेटिव्ह म्हणजे हात रिकामा, असं नाही. मायकोफेनोलेट घेणाऱ्यांत अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत, हे नेहमीचंच. त्यातल्या काहींमध्ये टी-सेल मात्र विषाणू ओळखतात. या पेशी लागण रोखत नाहीत, लागण झालेल्या पेशी मारतात. २००३ च्या सार्सच्या रुग्णांमध्ये अशा पेशी १७ वर्षांनीही सापडल्या होत्या, सिंगापूरच्या अभ्यासात.

आता मोजतात कसं. एलिस्पॉट ही टी-सेल मोजायची टेस्ट. तिच्यात हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन ट्यूबमधलं रक्त फिकॉल नावाच्या दाट द्रवावर हलकेच ओतून सेंट्रिफ्यूज करायचं. मध्ये पांढुरकी धूसर कडी दिसते, त्यातच आपल्या पेशी. पिपेटने ती उचलताना हात जरा थरथरला की खालचं लाल वर येतं, आणि आमच्या मॅडमचा आवाजही. मग प्लेटच्या एकेका खड्ड्यात अडीच लाख पेशी आणि विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे. स्पाइक, म्हणजे विषाणूच्या काट्याचं प्रथिन, १२७३ अमिनो आम्लांचं, त्याचे १५-१५ चे एकमेकांवर चढणारे तुकडे केले तर तीनशेच्या वर भरतात. रात्रभर ३७ अंशांत ठेवायचं. ओळख पटलेली पेशी इंटरफेरॉन गॅमा हा इशारा देणारा पदार्थ सोडते, तो तिच्याखालीच पकडला जातो आणि दुसऱ्या दिवशी रंग चढवला की एक ठिपका. त्या रात्री प्लेट हलली तर ठिपक्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटते, मग मोजत बसा.

समजा, ४० ठिपके आले आणि तुकडे न घातलेल्या खड्ड्यात २. उरले ३८, गुणिले चार, म्हणजे दहा लाख पेशींत १५२. रिपोर्टवर हा १५२ येतो आणि लोक शुगरसारखा वाचतात. इथेच घोळ होतो. इतक्यावर सुरक्षित, असा सर्वमान्य आकडाच नाही! एका लॅबचा १५२ दुसऱ्या लॅबच्या १५२ शी जुळेलच असंही नाही.

शिवाय स्पाइकला प्रतिसाद आला तर तो आजाराचा की कोविशील्डचा, हे सांगता येत नाही. न्यूक्लिओकॅप्सिडचा (विषाणूच्या आतल्या प्रथिनाचा, जे कोविशील्डमध्ये नाही) खड्डा वेगळा लावला तर अंदाज येतो. पण कोवॅक्सिन घेतली असेल तर तोही गोंधळ, कारण तिच्यात अख्खा निष्क्रिय विषाणू आहे. साध्या सर्दीच्या कोरोनाविषाणूंनी शिकवलेल्या पेशीही थोडेफार ठिपके उठवतात.

लेसरने एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीने मदतनीस टी-सेल (CD4) किती, मारक (CD8) किती हे वेगळं कळतं, पण ती महागडी आणि मुख्यतः संशोधनाच्या कामाची.

टॅक्रोलिमस तर टी-सेल थोपवण्यासाठीच देतात. त्यामुळे आकडा कमी आला तर औषधाने कमी की मुळात कमी, हे रिपोर्ट सांगणार नाही. आणि आकडा वाढवायचा म्हणून कृपा करून गोळी कमी करू नका, किडनी जाईल.

नमुन्याचंही ऐका. एकदा पावसात ठाणे-बेलापूर रोडवर अडकलेल्या, नमुने आणणाऱ्या रायडरने काळजीपोटी ट्यूब बर्फाच्या पाकिटावर ठेवल्या. थंडीने ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या कडीत मिसळतात आणि टी-सेल मंदावतात. त्या दिवशी पीएचए (टी-सेलना सरसकट चेतवणारा पदार्थ, टेस्ट नीट चालली का ते पाहायला) घातलेल्या खड्ड्यांतही, जे एरवी ठिपक्यांनी काळे पडतात, जेमतेम काही दिसले. सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं, शिव्या मात्र मी खाल्ल्या.

माझं मत: नेफ्रॉलॉजिस्टना एकच विचारा, "रिपोर्ट पाहून डोस किंवा औषध बदलाल का?" नाही म्हणाले तर टेस्ट सोडा, ते पैसे बूस्टरची आणि ताप आल्यावर लगेच तपासणीची सोय करण्यात घाला. हो म्हणाले तर सोमवार ते गुरुवार सकाळी रक्त द्या, बर्फाशिवाय, आणि लॅबला पीएचए व तुकडे न घातलेल्या खड्ड्याचे आकडे रिपोर्टवर लिहून मागा. ते दिले नाहीत तर इथे कळवा, पुढे काय विचारायचं ते सांगते.