पिठात लपवलेले खमीर : वाचकांचे प्रश्न

येशूचा हा दाखला, म्हणजे बोधकथा, जेमतेम एका ओळीचा आहे. एका बाईने खमीर घेतले, तीन मापे पिठात लपवून ठेवले आणि शेवटी सगळे पीठ फुगून आले. देवाचे राज्य तसे आहे, असे येशू सांगतो (मत्तय 13:33, लूक 13:20-21). या ओळीवर आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

प्रश्न : वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी घरातले खमीर काढून टाकायचे. येशूच ‘परूश्यांच्या खमिराविषयी जपा’ (परूशी म्हणजे एक कर्मठ यहुदी पंथ) म्हणतो. प्रेषित पौल ‘जुने खमीर काढून टाका’ म्हणतो. मग तेच खमीर देवाच्या राज्याला कसे शोभते? (वाचक, अहिल्यानगर)

विरोध खराच आहे आणि तेव्हा ऐकणाऱ्यांनाही तो खटकला असणार. त्या काळी पुडीतले यीस्ट नव्हते. कालच्या कणकेचा एक आंबट गोळा राखून ठेवायचा, तो आजच्या पिठात मळायचा, त्यातलाच एक पुन्हा उद्यासाठी काढायचा. ही साखळी चालू राहिली की चांगल्याबरोबर वाईटही पुढे जाते. गोळा एकदा बिघडला की पुढची प्रत्येक भाकर बिघडते. वल्हांडणाला जोडून येणाऱ्या बेखमीर भाकरीच्या सात दिवसांत (निर्गम 12) ती साखळी तुटायची आणि सण झाल्यावर पीठ-पाणी कालवून नव्याने सुरुवात करावी लागायची. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 5) पौलाच्या डोळ्यांसमोर हेच आहे.

खमीर मुळात चांगलेही नाही आणि वाईटही नाही. थोडेसे आत गेले की सगळ्यात पसरते, एवढाच त्याचा गुण, आणि येशूने नेमका तोच उचलला. इथलेही खमीर म्हणजे ख्रिस्ती मंडळीत शिरणारी खोटी शिकवण, असा अर्थ काही भाष्यकार लावतात. तो आम्हाला पटत नाही. वाक्याची सुरुवातच ‘राज्य खमिरासारखे आहे’ अशी आहे आणि शेजारी मोहरीच्या दाण्याचा दाखला आहे. तिथेही लहानातून मोठे होण्याचीच गोष्ट चालली आहे.

प्रश्न : तीन मापे म्हणजे नेमके किती? त्या आकड्याला काही अर्थ आहे का? (वाचक, पुणे)

मूळ शब्द ‘सातोन’, इब्रीतला ‘सआ’. एक माप साधारण 12 ते 13 लिटरचे, म्हणजे तीन मापे 36 ते 39 लिटर. वजनात हे पीठ वीस किलोच्या आसपास जाते. एका घराला एवढ्या भाकरी लागत नाहीत, शंभरेक माणसे जेवतील. त्यात दहा-बारा लिटर पाणी धरले तर कणीक तीस किलोच्या वर भरते. ती परातीत हाताने मळायची! प्रवचनांत त्या बाईचे दंड कधी दिसत नाहीत, ‘लपवून ठेवले’ एवढेच ऐकू येते. कणकेत लपवायचे म्हणजे मळायचे, दुसरी वाट नाही.

आकड्याला जुना संदर्भ आहे. उत्पत्ती 18:6 मध्ये अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात तेव्हा तो सारेला तीन मापे सपीठ मळायला सांगतो. तीन मापांचा एक एफा होतो, आणि इस्राएलचा पुढारी गिदोनही देवदूतासाठी एक एफा पिठाच्या बेखमीर भाकरी करतो (शास्ते 6:19). देव दाराशी आला आहे म्हणून मळलेली ही कणीक, हे यहुदी श्रोत्याच्या लगेच ध्यानात आले असावे.

प्रश्न : तीन वर्षे रोज सकाळी शास्त्रवाचन आणि प्रार्थना करते. राग मात्र होता तसाच आहे. आत काहीच फुगत नसेल तर ते कसे ओळखायचे? (वाचक, वसई)

बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट चुकलेली असते.

पहिली, खमीर मळलेच गेलेले नसते. वाचले, पुस्तक मिटले, दिवस आपल्या वाटेने चालू. गोळा पिठावर नुसता ठेवला तर तेवढीच जागा आंबते, परातीच्या कडेचे पीठ कोरडेच राहते. दाखल्यात ‘सगळे पीठ’ असे आहे. त्या सगळ्यात पैशाचा हिशेब आला, मोलकरणीशी बोलण्याचा सूर आला आणि सकाळची घाईसुद्धा आली.

दुसरी, आपण भलतेच तपासत बसतो. ‘आज मन शांत वाटले का?’ असे रोज विचारणे म्हणजे विरजण लावलेले भांडे दर दहा मिनिटांनी हलवून पाहणे. दही लागणार कसे?

इथे लोयोलाच्या संत इग्नेशियसने (1491-1556) सांगितलेली पद्धत उपयोगी पडते. ती कॅथलिक परंपरेतली असली तरी कोणालाही करता येते. एकच दोष निवडायचा. ‘राग’ हा फार मोठा गठ्ठा झाला; ‘सकाळी डबे भरताना मुलावर ओरडणे’ एवढे बारीक करा. उठल्याबरोबर त्या एकाच गोष्टीसाठी मनाशी निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर देवाकडे कृपा मागून, सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा घडले तितके ठिपके वहीतल्या एका रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर खालच्या रेघेवर पुन्हा तेच. आठवड्याला अशा सात जोड्या होतात. रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा.

इग्नेशियसची आणखी एक सूचना आम्हाला फार आवडते. चूक घडली त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांत असलात तरी कोणाला कळत नाही. डब्याचे झाकण एका हातात, दुसरा हात क्षणभर छातीवर, बस्स. खमीर पिठात जाते ते इथे.

हे फसते ते बहुधा ठरलेल्या कारणांनी. कोणी एकदम तीन-चार दोष घेतो आणि आठ दिवसांत वही बंद. कोणी शनिवारी रात्री बसून आठवड्याचे ठिपके अंदाजाने भरतो. त्यापेक्षा ते दिवस कोरे सोडावेत. काहींचे ठिपके सुरुवातीला वाढतात आणि ते हातपाय गाळतात. बरेचदा चुका वाढलेल्या नसतात, नजरेला पडू लागलेल्या असतात. निदान चार आठवडे तोच दोष चालवा. ठिपके कृतीचे द्या, भावनेचे नकोत. आतून उकळत होतात पण ओरडला नाहीत, तर ठिपका नाही.

प्रश्न : मग मार्क 4:26-29 मध्ये बी ‘आपोआप’ वाढते असे का? आपण काहीच करायचे नाही का? (वाचक, मडगाव)

त्या दाखल्यातला माणूस रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी कसे वाढते ते त्याला कळत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘ऑटोमाटे’. नव्या करारात तो आणखी एकदाच येतो, प्रेषितांची कृत्ये 12:10 मध्ये, पेत्रासमोर लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो तिथे. पण हाच माणूस आधी बी टाकतो आणि पीक तयार होताच विळा घालतो. त्याच्या हातात नसतो तो मधला काळ : आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. त्या देशात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसानंतर पेरणी होते आणि जव वल्हांडणाच्या सुमारास कापणीला येतात, म्हणजे पाचेक महिने. ठिपक्यांची वही पेरणीत मोडते. त्या पाच महिन्यांची गती तिने वाढत नाही.

*मुलांच्या वर्गासाठी कृती*

रविवारच्या वर्गात हा दाखला दाखवता येईल का, असे काही शिक्षकांनी विचारले आहे. येईल. काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन भांड्यांत प्रत्येकी 250 ग्रॅम मैदा, 150 मिली कोमट पाणी, पाऊण छोटा चमचा मीठ. एकातच अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. दोन्ही दहा मिनिटे मळा, बरण्यांत घाला, पीठ जिथवर आले त्या उंचीवर रबरबँड लावा, ओले फडके झाका. मळून झाल्यावर कोणत्या बरणीत यीस्ट आहे ते मुलांना ओळखायला सांगा. कोणालाच सांगता येत नाही. नेमक्या त्याच वेळी दाखला वाचा.

उन्हाळ्यात तासाभरात पीठ दुप्पट होते, थंडीत दीड-दोन तास धरा. म्हणून वर्गाच्या सुरुवातीलाच मळायला घ्या. पाण्यात बोट सहज टिकले पाहिजे. चटका बसेल इतके तापले असेल तर यीस्ट मरते आणि दोन्ही बरण्या सारख्याच राहतात. यीस्ट जुने असेल तरी तेच होते, तेव्हा आदल्या दिवशी घरी एकदा करून पाहा. शेवटी फुगलेला गोळा मुलांसमोर फाडा, आतली जाळी दिसते. गोव्यातली मुले पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाची आठवण काढतील. तिथे पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवत. त्याच गोळ्याचे छोटे पाव तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजले तर पंधरा-वीस मिनिटांत होतात, फक्त मध्ये एकदा उलटावे लागतात.