वाचकांचे प्रश्न : ताकशा

प्रश्न : लडाखमध्ये खडकाळ उतारावर जांभळ्या फुलांची ताकशा दिसली. तिथले ‘आमची’, म्हणजे तिबेटी पद्धतीचे वैद्य, ती वापरतात म्हणे. ओळखावी कशी? घरी काढा चालेल का?

उत्तर : काढा अजिबात नको. ताकशा म्हणजे ऑक्सिट्रोपिस, घेवड्या-वाटाण्याच्याच कुळातली. तिबेटी वैद्यकात, म्हणजे सोवा-रिग्पात, ती वापरतात हे खरं. पण याच प्रजातीच्या काही जातींत स्वेनसोनिन हे विष असतं. ते मुळात झाडाचं नाहीच! झाडाच्या आत राहणारी बुरशी ते बनवते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन झाडांतही विषाचं प्रमाण वेगळं असू शकतं, नुसतं बघून कळत नाही. वाळवून ते जात नाही; पाण्यात विरघळतं, म्हणजे उकळलं की काढ्यातच उतरणार. ही झाडं आठवडेच्या आठवडे चरणारी जनावरं लटपटतात, मान थरथरते, गाभण असतील तर गाभडतात. मज्जातंतूंची हानी बरीचशी कायमची असते.

ओळख फुलावरून. खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी होते. ती भिंगाखाली पाहा. टोकाला बारीक अणकुचीदार चोच असेल तर ऑक्सिट्रोपिस, टोक बोथट असेल तर बहुधा अ‍ॅस्ट्रागॅलस, म्हणजे याच कुळातली तिच्यासारखी दिसणारी दुसरी प्रजाती. मात्र त्यातल्याही काही जाती विषारी, तेव्हा ‘चोच नाही म्हणजे बिनधोक’ असं समजू नका. पानांवर भिस्त ठेवू नये, दोन्हींची संयुक्त पानं फसवतात.

झाड उपटू नका, फोटो पुरे. सोटमूळ खोल जातं. तुटलं की झाड संपलं.