सात वर्षांची पोर, यलो बेल्ट, डबल प्रमोशन आणि गोव्याची 'इंटरनॅशनल'

ताई, सगळ्यात आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, आणि तुमचंही, कारण होमवर्क, जेवण, रिक्षा, पाऊस सगळं सांभाळून सात वर्षांच्या मुलीला वेळेवर क्लासला पोचवणाऱ्या आईला कुणी बेल्ट देत नाही. तुम्ही लिहिलंय की दिवाळीनंतर कराटेचा क्लास लावला, पहिल्याच परीक्षेत यलो मिळाला, सर म्हणतात मुलीत स्पार्क आहे, पुढच्या परीक्षेला ऑरेंज गाळून डायरेक्ट ग्रीनला बसवू आणि मे महिन्यात गोव्याच्या इंटरनॅशनल स्पर्धेला न्या. मिस्टर म्हणतात यलो काय सगळ्यांनाच मिळतो, स्टेटसला फोटो टाकणं बास कर. आणि तुमचा प्रश्न, की मी खरंच जास्त करतेय का?

माझ्या मते फोटो खुशाल टाका. डबल प्रमोशनला नाही म्हणा. आणि गोव्याला जायचंच असेल तर समुद्रावर जा 🙂

आता का ते सांगते, जरा लांबेल. मी स्वतः शाळेत असल्यापासून शोतोकान (कराटेचीच एक शैली) केलंय आणि गेली बरीच वर्षं डोंबिवलीत लहान मुलांच्या बॅचला सरांना मदत करते, माझा मुलगाही त्याच हॉलमध्ये वाढला, त्यामुळे आईच्या खुर्चीतूनही बघितलंय आणि समोर उभं राहूनही.

मिस्टरांचं एक खरं आहे, जो मुलगा नियमित येतो आणि सांगितलेलं करतो त्याला यलो मिळतोच, त्या परीक्षेत नापास करत नाहीत आणि करूही नये. पण म्हणून त्यात काही नाही असं नाही हो. बहुतेक शोतोकान क्लासमध्ये यलोच्या आसपास पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींचा संच, येतो, हेइआन शोदान. २१ हालचाली. आंको इतोसू म्हणून ओकिनावाचे (जपानचं बेट, कराटेचं माहेर) मोठे शिक्षक, त्यांनी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या शाळांतल्या मुलांना शिकवता यावं म्हणून पिनान नावाचे पाच काता बसवले, त्यातलाच हा, पुढे शोतोकानचे गुरू गिचिन फुनाकोशींनी जपानच्या मुख्य भूमीवर नाव बदलून हेइआन केलं. म्हणजे तुमची लेक जे करतेय ते मुळात शाळकरी पोरांसाठीच बनवलेलं आहे, मोठ्यांचं कापून छोटं केलेलं नाही. आणि सात वर्षांच्या मेंदूला ते सोपं अजिबात नाही. तीन वेळा हात कपाळावर नेत पुढे जायचं, तिसऱ्याला जोरात ओरडायचं, आणि मग डाव्या बाजूने पाठ फिरवून लांबचं वळण घ्यायचं, पाऊण चक्कर. इथे दहातली सात मुलं जवळच्या बाजूने वळून मोकळी होतात, तोंड बरोबर दिशेला येतं पण पुढे येतो उजवा पाय, यायला हवा होता डावा. मग पुढचं सगळं उलटं पडतं आणि पोर मध्येच थांबून आईकडे बघतं. तुमच्या लेकीला हे वळण न बघता, न अडखळता येत असेल ना, तर तो खरा अभिमानाचा मुद्दा, बेल्टचा रंग कुठलाही असो.

तुम्हाला कराटे येत नाही म्हणालात, तरी घरी बघता येईल. फरशीवर खडूने एक फुली मारा आणि तिला त्यावर उभी करून काता करायला सांगा. नीट केला तर ती शेवटी फुलीवर किंवा वीतभर अंतरात परत येते. दोन फरशा लांब गेली तर समजा पावलं सारखी पडत नाहीयेत, एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला छोटी. दुसरं, पंच मारताना जो हात मारत नाही तो कुठे जातो ते बघा, तो कमरेला घट्ट परत यायला हवा, लहान मुलांचा तो हवेत तरंगत असतो. तिसरं मागची टाच, ती उचलली जाते. आणि शेवटचे चार हात उघड्या पंजाचे असतात तिथे वजन मागच्या पायावर हवं, हे तर नवीन मोठ्या माणसांनाही जमत नाही, तेव्हा त्यावरून तिला टोकू नका. खरं म्हणजे कशावरूनच टोकू नका, ते सरांचं काम. तुम्ही फक्त दर महिन्याला एकदा मोबाईलवर शूट करून ठेवा, स्टेटसला टाकायला नाही, तिला दाखवायला. दोन-तीन महिन्यांपूर्वीची स्वतःची टाच बघून मुलं जी हसतात आणि आपणहून सुधारतात, ते शंभर वेळा सांगून होत नाही.

आता बेल्टचं. जुन्या ओकिनावात रंगीत पट्टे वगैरे काही नव्हतं. ब्लॅक बेल्टची पद्धत ज्युदोची, ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानोंनी १८८० च्या दशकात चालू केलेली, कराटेत ती फुनाकोशींनी उचलली आणि १९२४ ला पहिल्यांदा शिष्यांना ब्लॅक बेल्ट दिले. मधले पिवळे हिरवे निळे हे तर युरोपातल्या ज्युदो क्लबांमध्ये रूढ झाले, म्हणजे मोठमोठ्या बाप्यांना सुद्धा मधे मधे काहीतरी हातात पडल्याशिवाय दम निघत नव्हता 😀 तेव्हा मुलीने रात्री बेल्ट उशाशी घेऊन झोपावं यात काही वावगं नाही, त्या रंगांचं कामच ते आहे. रंगांचा क्रम पण प्रत्येक संघटनेत वेगळा, तुमच्या क्लासचा ग्रीन आणि शेजारच्या सोसायटीतला ग्रीन एक नाही, त्यामुळे वहिनींच्या मुलाला किती दिवसांत मिळाला हा हिशोब तर मांडूच नका.

आणि म्हणूनच डबल प्रमोशन नको. सरांवर लगेच शंका घेत नाही मी, कधी कधी खरोखरच चुणचुणीत मूल असतं आणि शिक्षकाला उत्साह येतो. पण ऑरेंजला दुसरा काता असतो, साइड किक असते, पाय वर नेऊन क्षणभर तोलायचा असतो, हे सगळं गाळून वरच्या बेल्टमध्ये गेलेलं मूल तिथे सगळ्यात कच्चं ठरतं. यलोत जी पोरगी पुढच्या रांगेत होती ती ग्रीनमध्ये मागच्या रांगेत, आजूबाजूला दहा-अकरा वर्षांची पोरं, फाईटला समोर तिच्याहून दीड फूट उंच मुलगा. आणि मग 'आई पोटात दुखतंय' चालू होतं, बरोबर क्लासच्या दिवशी. अशी पोरं आमच्याकडे दुसरीकडून येतात, कमरेला ग्रीन आणि काता मात्र पहिलाच धड नाही, आणि त्यांना परत मागे नेणं फार अवघड असतं कारण कमरेचा रंग कोण उतरवणार? सरांना एवढंच म्हणा, 'सर घाई नाहीये, सगळे बेल्ट क्रमाने होऊ देत.' ज्याला शिकवायचंय तो सर खूशच होईल. ज्याचं तोंड उतरेल त्याच्याबद्दल तुम्हाला आपोआप कळेल.

लहान वयात ब्लॅक बेल्टची स्वप्नं दाखवत असतील तर हेही माहीत असू द्या, ऑलिम्पिकमध्ये असतं त्या तायक्वांदोत १५ वर्षांच्या आतल्या मुलांना डॅन (ब्लॅक बेल्टची श्रेणी) देतच नाहीत, त्यांच्यासाठी पूम म्हणून वेगळी श्रेणी आहे, पट्टा लाल-काळा. म्हणजे त्या लोकांनीच मान्य केलंय की मुलाचं कौशल्य आणि मोठ्याचं कौशल्य एका मापाने मोजायचं नाही.

गोव्याच्या स्पर्धेचं. नावात इंटरनॅशनल असणं आणि खरोखर इंटरनॅशनल असणं यात फरक आहे, शेजारच्या देशातून एक टीम आली की बॅनरवर चार झेंडे लागतात. सरांना विचारा की ही कुठल्या संघटनेची, तिच्या वयोगटात मुली किती, मेडल किती जणांना. एका गटात चार मुली आणि चौघींना मेडल असेल तर ते मेडल एंट्री फीचं आहे हे ओळखा, आणि वर प्रवास, लॉज, ब्लेझर, ट्रॅकसूट. जागतिक संघटनेची वर्ल्ड चॅम्पियनशिप मुळात १४-१५ वर्षांच्या कॅडेट गटापासून सुरू होते. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील अशा असतात, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य, दहावी-बारावीला सवलतीचे गुण वगैरे सगळं त्या वाटेने, तुमच्याकडे अजून अर्ध्या तपाहून जास्त वेळ आहे. ऑलिम्पिक म्हणाल तर कराटे फक्त टोकियोला होतं, पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं. अनुभव हवा असेल तर क्लासचीच किंवा गावातल्या गावात होणारी छोटी स्पर्धा बघा, आणि तिथेही आधी कातात उतरवा. हरली तरी आजी-आजोबा बघायला येतात, घरी येताना वडापाव खाता येतो.

फाईटबद्दल मात्र मी कडक आहे. या वयात डोक्याला मार लागेल अशी फाईट नको म्हणजे नको, हेडगार्ड घातलं तरी मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ ला मार्शल आर्ट्सवर अहवाल काढला होता त्याचाही सूर हाच होता. मुठीवर पुशअप, कौलं-फरशा फोडणं हे डेमोला टाळ्या घ्यायला ठीक, सात वर्षांच्या वाढत्या हाडांना नाही. असं काही क्लासमध्ये दिसलं तर बेल्टचा विचार न करता क्लास बदला. आणि क्लास आठवड्यातून तीन दिवस असेल तर त्याचे पाच दिवस करू नका. उरलेल्या दिवशी तिला खाली सायकल, लगोरी, डॉजबॉल, जे चाललंय ते खेळू दे, त्याने पाय जास्त तयार होतात.

राहिला तुमचा अभिमान. तो लपवू कशाला? फक्त हॉलमध्ये बसता तेव्हा जागा बदला. समोर बसलात की ती प्रत्येक पंचनंतर तुमच्याकडे बघणार, आणि नजर समोरच्यावर ठेवणं हा तर तिचा पहिला धडा आहे. मागे बसा, नाहीतर सरळ भाजी आणायला जा. घरी आल्यावर 'जिंकलीस का, सर काय म्हणाले' याच्या ऐवजी 'आज नवीन काय होतं, मला शिकव' म्हणा आणि खरंच उभ्या राहा समोर, पदर खोचून. बाबांना पण उभं करा. माझ्या ओळखीत एक गृहस्थ असेच 'त्यात काय एवढं' म्हणायचे, मुलीने त्यांना मागचा पाय सरळ ठेवून स्टॅन्समध्ये (कराटेच्या पवित्र्यात) फक्त मिनिटभर उभं राहायला सांगितलं, मांड्या थरथरायला लागल्यावर बोलणं बंद झालं.

आणि एक, हे आत्ता फार भराभर चाललंय ना, ते कधीतरी अडणार. नवीन असताना रोज काहीतरी नवं येतं, मग ऑरेंज-ग्रीनच्या आसपास तेच तेच घोटायचं असतं, मूल कंटाळतं, बरीच मुलं इथेच सोडतात. तेव्हा 'एवढी हुशार होतीस, आता काय झालं' हे वाक्य घरात कुणी बोलू नका, सासूबाई पण नाही. एक टर्म पूर्ण करायची आणि मग ठरवायचं, एवढा नियम ठेवा. सोडलं तरी चालेल, माझ्या मुलाने मध्ये वर्षभर सोडून फुटबॉल केला आणि स्वतःच परत आला.

जाता जाता, ड्रेस एक साइज मोठा घ्या आणि बाह्या आतून दुमडून टाके घाला, आणि बेल्ट तिचा तिला बांधू दे, वाकडा बसला तरी. क्लास कुठल्या भागात आहे ते कळवा, ओळखीचं कोणी असेल तर विचारून सांगते.